दोन इंच माया

नवी पेठेतल्या एका बोळात, जिन्याखालच्या खोलीत आमच्या शिंपीमास्तरांचं दुकान आहे. मास्तर टेप लावतात, आकडा पुकारतात आणि त्यांचा पोरगा वहीत लिहून घेतो. "छाती बेचाळीस. कंबर अडतीस. दंड साडेतेरा." भाच्याच्या लग्नासाठी ब्लाऊज टाकायला गेले होते तेव्हाची गोष्ट. वहीत वरच्याच ओळीत माझं दोन वर्षांपूर्वीचं माप होतं. कंबर तीन इंच वाढलेली मलाही दिसत होती, मास्तरांनाही. शेवटी मीच ओशाळून म्हटलं, "वाढलंय हो जरा." मास्तर खडूनं अस्तरावर रेघ ओढत म्हणाले, "आत दोन इंच माया ठेवतो, ताई. लागली तर उसवा." आणि "पुढचं कोण?" म्हणून हाक दिली.

अख्ख्या सोलापुरात माझ्या अंगाकडे बघून नुसता आकडा सांगणारा हा एवढा एकच माणूस. बाकीचे सगळे आकड्याच्या पुढचं सांगतात.

ते पुढचं सगळं लग्नात ऐकलं. हळदीच्या मांडवात शिरते न शिरते तोच थोरल्या आत्या म्हणाल्या, "लै सुटलीस की गं! बँकेत काय नुसतं बसून खातीस काय?" चुलतभावानं प्लॅस्टिकची खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणाला, "ताई, बेतानं बस, भाड्याची हाय." सगळे हसले, मीही हसले. आपण नाही हसलो तर 'चेष्टा कळत नाही' हा आणखी एक दोष खात्यावर चढतो, हे जाड माणूस शाळेतच शिकून घेतं. तासाभरानं त्याच आत्यांनी माझ्या ताटात तिसरी शेंगापोळी वाढली, वर तुपाची धार. "खा गं, लग्नात कसलं आलंय डाएट!" मी खाल्ली. चांगली झाली होती.

आपली भाषा या बाबतीत मोठी गमतीची आहे. मी दहा महिन्यांची असताना सुदृढ बालक स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता. बक्षीस मिळालेला स्टीलचा डबा अजून आईकडे आहे, त्यात ती हिंग ठेवते. तेव्हा मी 'गुटगुटीत' होते, मला 'बाळसं' होतं. पुढं 'खात्यापित्या घरची' झाले, मग 'अंगानं भरलेली', आणि लग्नानंतर एकदम 'सुटलेली'. हा 'सुटणे' मला फार दिवस छळतोय. दावं सुटलेल्या जनावरासारखा शब्द आहे. म्हणजे दावं होतं, ते कुणीतरी धरायला हवं होतं आणि धरलं नाही. ताप 'येतो', साखर 'निघते', बीपीचा त्रास 'सुरू होतो'. हे सगळं बाहेरून आल्यासारखं. वजन मात्र आपण 'वाढवतो'. "किती वाढवलंस गं!" व्याकरणातच आरोपपत्र तयार.

सोलापूर स्टेशनवर पूर्वी रंगीत दिव्यांचं वजनाचं यंत्र होतं. लहानपणी आप्पांबरोबर कुणालाही गाडीवर सोडायला गेलं की त्यात नाणं टाकायचा माझा हट्ट असे. चक्र गरागरा फिरून थांबलं की खट्कन पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आप्पांचं एक तिकीट मी कंपासपेटीत कितीतरी वर्षं जपलं होतं. वजन 58 किलो आणि मागं हिंदीत, 'आप परिश्रमी हैं'. मला त्या वयात ते यंत्र थोर वाटायचं. वजन केलं की स्वभाव कळतो! आता वाटतं, यंत्र स्टेशनवरून गेलं असेल, पण त्याची सवय आपल्या अंगात राहिली. आपण अजूनही एकाच तिकिटावर दोन्ही छापतो.

आप्पा गिरणीत साचेखात्यात होते. 1877 साली सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढची शंभरएक वर्षं या शहराचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. आप्पा पाळीला निघताना धडप्यात चार ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगाचटणीचा गोळा आणि एक कांदा बांधून नेत. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. आठ तास साच्यांपुढं येरझारा, कानठळ्या बसवणारा खडखडाट, घामानं बनियन पिळून काढावा अशी हवा. चार भाकऱ्या कुठल्या कुठं जायच्या. चाळीस ओलांडली तरी बरगड्या मोजता येत होत्या.

नव्वदच्या दशकात त्यांची गिरणी बंद पडली. देणी अडकली, कोर्टकचेऱ्या झाल्या, त्यात शिरत नाही. आप्पा एका अपार्टमेंटच्या दारात रात्रपाळीचे वॉचमन झाले. काम म्हणजे खुर्चीवर बसणं. भूक मात्र गिरणीचीच राहिली. तिला कुणी नोटीस दिली नव्हती. पाच वर्षांत पोट आलं, पन्नाशीत साखर निघाली. ज्या माणसानं चोवीस वर्षं उभ्यानं नोकरी केली, त्याला आता बसण्याचाच पगार मिळत होता, आणि गल्लीत त्याचं नाव 'आळशी' पडलं.

डॉक्टर म्हणाले, "काका, तोंड आवरा." नुकतीच बँकेत लागलेली मी. चार पुस्तकं वाचलेली, हातात पगार. आवरण्याचं खातं मी माझ्याकडं घेतलं. भाकऱ्या मोजल्या, चटणीचा डबा वरच्या फळीवर ठेवला, आल्यागेल्यासमोर "आप्पा, परत भात?" असं विचारायला लागले. महिनाभरात आप्पा ताटावर शहाण्यासारखे वागू लागले. मला वाटलं, जिंकलं. मग एका रविवारी कपडे भिजवताना त्यांच्या पँटच्या खिशात हात घातला तर शेंगदाण्याची लालसर सालं. मूठभर, खिशाच्या शिवणीत अडकून बसलेली. माणूस कोपऱ्यावर उभं राहून, इकडंतिकडं बघत, खिशातनं दाणे काढून खात होता. बासष्टाव्या वर्षी, पोरीच्या भीतीनं. मी तशीच ओल्या हातांनी बाहेर गेले आणि म्हणाले, "आप्पा, लहान आहात का तुम्ही?" ते काही बोलले नाहीत. त्यानंतर सालं कधी सापडली नाहीत, कारण ते खिसा झटकायला शिकले. साखर काही कमी झाली नाही.

हे मी कबूल करून ठेवते, कारण यापुढं लाजवणाऱ्यांबद्दल जे लिहिणार आहे त्यात मीही आहे.

माझं स्वतःचं सांगायचं तर चव्वेचाळिसाव्या वर्षी मला जिना चढताना दम लागायला लागला. पाळीत अंगावरून फार जायचं. एका डॉक्टरांकडं गेले. त्यांनी कागदावरून नजर न काढता सांगितलं, "आधी पंधरा किलो कमी करा, मग या." 'मग या' मी तंतोतंत पाळलं, म्हणजे गेलेच नाही. दीड वर्ष! त्या दीड वर्षात दम लागतो म्हणून वजन उतरवायचं आणि वजन उतरवायला बँकेचे तीन मजले रोज पायी चढायचे, असा उद्योग चालला होता. शेवटी मैत्रिणीनं दुसऱ्या डॉक्टरबाईंकडं ओढून नेलं. त्यांनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन 7.2. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या. वजन तेव्हाही जास्त होतं, नाकारत नाही. पण दम लागत होता तो अंगात रक्त नव्हतं म्हणून.

ऑपरेशन झाल्यावर त्याच बाई म्हणाल्या, "आता तुमच्या वजनाबद्दल बोललं तर चालेल का?" चालेल का! मला आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी अर्धा तास बोलून काहीही मऊ न करता सांगितलं. गुडघे, बीपी, साखर, झोपेत अडकणारा श्वास, सगळ्याचा वजनाशी संबंध आहे. उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारं बीएमआयचं सूत्र बेल्जियमच्या केटले या संख्याशास्त्रज्ञानं 1830च्या दशकात काढलं ते लोकसमूहांचा अभ्यास करायला, एकेका माणसाचा निवाडा करायला नव्हे. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्याला 1972 साली अॅन्सेल कीज या अमेरिकी संशोधकांनी दिलं. जागतिक मोजणीत 30च्या पुढं लठ्ठपणा धरतात, आपल्याकडचे डॉक्टर मात्र 25लाच धरतात, कारण आपल्या अंगात चरबी पोटाभोवती लवकर साठते. म्हणून काट्यापेक्षा टेप बघा, म्हणाल्या. कंबर बाईची 80 सेंटिमीटरच्या आत, पुरुषाची 90च्या आत. म्हणजे मास्तरांच्या टेपवर साडेएकतीस आणि साडेपस्तीस. मी ती रेघ कधीच ओलांडली होती. पण ते ऐकताना मला रडू आलं नाही, रागही आला नाही. मी वहीत लिहून घेतलं.

मग मी झटले. पहाटे साडेपाचला उठून सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं चालायला जायचं. उन्हाळ्यात सातच्या पुढं सोलापूरचं ऊन चालू देत नाही. आठ महिन्यांत नऊ किलो उतरले. मास्तरांच्या वहीतलं ते जुनं माप त्या दिवसांतलं. पुढच्या दीड वर्षात त्यातले सात परत आले. आत्यांच्या हिशेबी हे माझं 'सुटणं'. माझा हिशेब थोडा वेगळा आहे, पण त्यात माझंही काही निघतं. रात्री सगळे झोपल्यावर चहाबरोबर बिस्किटाचा पुडा संपतो, तो कुणी माझ्या तोंडात कोंबत नाही. बाकीचा हिशेब मात्र शरीराचा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं 1994 साली लेप्टिन शोधलं. हे संप्रेरक चरबीच्याच पेशींतून येतं. चरबी घटली की ते घटतं, आणि मेंदू समजतो, दुष्काळ पडला. मग तो भूक वाढवतो आणि जाळणं कमी करतो. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, ते निष्कर्ष 2016 साली आले. बहुतेकांचं वजन बरंचसं परतलं होतं, आणि तरी शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमीच जाळत होतं. आमच्या भाषेत अडीच-तीन भाकऱ्या. दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. कणगी रिकामी होताना बघितलेलं घर पुढच्या सुगीत मूठ आवळूनच धरतं.

2018च्या सुमारास आमच्या बँकेच्या जेवणाच्या खोलीत सरळ दोन पार्ट्या पडल्या होत्या, दीक्षित आणि दिवेकर या दोन आहारसल्लागारांच्या. एका टेबलावर दोनदाच जेवायचं, 55 मिनिटांत उरकायचं आणि 45 मिनिटं चालायचं. दुसऱ्या टेबलावर थोडं थोडं, आपल्या मातीतलं, वर तूप. दोन्हीकडं फरक पडलेले लोक होते, दोन्हीकडं चोरून सामोसे खाणारेही होते. (मी दोन्ही टेबलांवर बसले आहे.) पण दोन्ही टेबलांवरच्या सगळ्यांपाशी एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा दिसली. आपला दिवस आपल्या हातात होता.

ती दाखवली अक्कानं. आमच्या माहेरच्या घराशेजारी, अशोक चौकाकडच्या बाजूला, पद्मशाली समाजातल्या अक्का राहतात. लग्न होऊन आल्यापासून बिड्या वळतात. उंबऱ्याशी मांडी घालून बसायचं, मांडीवर सूप, सुपात जर्दा, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाला. फर्मा ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर जर्दा, बोटांचा एक पीळ, दोऱ्याचे दोन वेढे, नखानं तोंड मुडपायचं. बोलताना नजर माणसाकडं असते, बोटं आपलं आपलं चालवतात. अक्कांचं वजन माझ्याहून जास्त, गुडघे गेलेले. मी तेव्हा नऊ किलो उतरवून आलेली. नव्यानं वजन घटवलेल्या माणसाइतका वाईट उपदेशक दुसरा नाही.

"अक्का, रोज पाऊण तास चालत जावा की जरा."

अक्कांनी बिडी मुडपली, सुपात टाकली. "जाते की. पाऊन तासात सत्तर-ऐंशी बिड्या हुतात माझ्या. त्या कोन वळनार, तू?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"हजाराचा हिशेब हाय बग. त्यात कारखान्यात छाट काढतेत, ती परत वळायची. रात्री दोनला नळ येतोय, चार दिवसांनी एकदा. मंग झोप कवा? सकाळी चाललालीस तू तळ्यावर, मला म्हाईत हाय. तुला पगारी सुट्टी हाय गं."

मी गप्प बसले. तेवढ्यात सुनेनं चहा आणला. मला साखरेचा, अक्कांना वेगळ्या पेल्यात बिनसाखरेचा. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पेला माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "गोड निगालंय तवापासनं सोडलीय. हे माज्या हातात हाय, हे मी करते."

जबाबदारी या शब्दाचा मला तेव्हापासून हाच अर्थ लागतो. अक्कांनी त्यांच्या हातातली पुरी उचलली होती. रात्री दोनच्या नळाची, चालायला जागा नसलेल्या रस्त्याची, हजारावर बांधलेल्या मजुरीची जबाबदारी त्यांच्या ओट्यात टाकणारी मी कोण? झोप मोडली की भूक वाढते, हे तर आता वैद्यकशास्त्रही सांगतं. आणि 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 24 टक्के बायका आणि 22.9 टक्के पुरुष जास्त वजनाचे निघाले. त्याच पाहणीत 18.7 टक्के बायका हडकुळ्या, कमी वजनाच्या. एकाच बोळात दोन्ही घरं असतात. दर चारातल्या एका माणसाचा निग्रह एकाच पिढीत एकाएकी कच्चा झाला, हे मला पटत नाही.

उलटी बाजू माझ्याच घरात आहे. नवरा काटकुळा. वीस वर्षं तीच पँट घालतो, सासरचे त्याला 'शेवग्याची शेंग' म्हणतात. एकेचाळिसाव्या वर्षी विम्याच्या तपासणीत त्याची साखर निघाली. सगळे हळहळले. "अरेरे, एवढं हलकं अंग आणि साखर? घराण्यातच असंल." त्याच्या साखरेला आजोबा मिळाले, माझ्या वजनाला फक्त तोंड. खरं तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक हेच कधीपासून सांगताहेत. दिसायला बारीक, आतून चरबीचा, असा हा आपला भारतीय देह. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो आला होता. दोघांचाही बीएमआय 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात 21.2. नवऱ्याला मी तो फोटो दाखवला. त्यानं शर्ट वर करून नाभीशेजारचं एवढंसं पोट चिमटीत धरून बघितलं, आणि त्या दिवसापासून तो माझ्याबरोबर चालायला येतो. त्याला कुणी लाजवलं नव्हतं. कदाचित म्हणूनच आला.

2025 पासून वजनाची नवी इंजेक्शनं आपल्याकडंही मिळायला लागली. आमच्या ऑफिसातल्या एकीनं डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेतली, बारा किलो उतरली. तर आता तिच्या मागं, "त्यात काय, सुई टोचून झालीय!" जाड होती तेव्हा प्रयत्न करत नाही म्हणून बोलायचे, आता प्रयत्न 'खरा' नाही म्हणून बोलतात. बीपीची गोळी घेणाऱ्याला कुणी असं विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

भाचीच्या शाळेत मागच्या वर्षी पीटीच्या तासाला सगळ्यांची वजनं मोठ्यानं वाचली. त्या दिवसापासून ती 'ढब्बू मिरची'. आता ती डबा उघडत नाही. संध्याकाळी घरी आली की दप्तर टाकायच्या आधी स्वयंपाकघरात जाते आणि उभ्यानंच, दाराकडं पाठ करून खाते. मला ती पाठ ओळखीची वाटली. मी काही बोलले नाही. ताट वाढलं, माझंही वाढून घेतलं, आणि आम्ही दोघी बसून जेवलो.

आप्पा 2011 साली गेले. हृदयविकार. शेवटपर्यंत त्यांनी माझ्यासमोर दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

परवा आईकडं कपाट आवरताना त्यांची वॉचमनची खाकी पँट निघाली. बाहेरून उन्हानं विटून पार पांढुरकी झालेली. कंबर उलटी करून बघितली तर मागच्या शिवणीला लागून आत गडद खाकीच्या पट्ट्या, कधी ऊन न लागलेल्या, आणि त्यांत सुईच्या भोकांच्या तीन ओळी. आईनं तीनदा उसवली होती. कधी उसवायची ते आप्पांनी सांगितलं नसणार आणि आईनं विचारलं नसणार. रात्री ते पाळीला जाण्याआधी पँट पुन्हा खुंटीला लागलेली असायची, एवढं मला आठवतं. तिसऱ्या ओळीच्या पलीकडं अजून बोटभर कापड दुमडलेलं आहे.